शेल्टरमधून म्हातारा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) आणला : साडेतीन स्टार, त्यातला अर्धा मामांचा

संस्थेचं नाव लिहीत नाहीये आणि ते तक्रारी आहेत म्हणून नाही. पुण्याच्या बाहेर आहे एवढंच सांगते. पत्ता पसरला की लोक रात्री येऊन गेटला कुत्री बांधून जातात, तिथल्या मुलांनीच सांगितलं, रस्त्यावरचा बोर्ड पण त्यांनी त्याच कारणाने काढलाय म्हणे. ज्याला खरंच अडॉप्ट करायचंय त्याला इन्स्टावर सापडतातच. आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे पद्धत अशीच असते असं ऐकून आहे, त्यामुळे दुसरीकडून घेणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून लिहितेय.

स्टारचा हिशोब असा. माणसं आणि त्यांचा चांगुलपणा साडेचार, कागदपत्रं दोन, घरी आणल्यानंतरचा सपोर्ट तीन. नवऱ्याने लगेच सरासरी काढून दाखवली की साडेतीनपेक्षा कमी येतंय. येऊ दे. वरचे पॉइंट तिथे कुत्र्यांना जेवण घालणाऱ्या मामांचे आहेत, ते पुढे येतंच.

आधी म्हातारा का, कारण हा प्रश्न सगळ्यांनी विचारलाय, अगदी वॉचमनने पण. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे बोलायला लागलेले, आणि लॅबचं पिल्लू वर्षाच्या आत पंचवीस-तीस किलोचं होऊन अंगावर उड्या मारतं, त्यांना एकदा पाडलं असतं तर विषय संपला. शिवाय पिल्लाचं शी-शू शिकवणं, चपला, सोफा, चार्जरच्या वायरी, रात्रीचं रडणं हे सगळं करायला दिवसभर घरी माणूस लागतं. पिल्लू गोड असतं हे मान्य पण ते मोठं होऊन कसं निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचं तसं नसतं, तो जसा आहे तसा समोर बसलेला असतो, चावरा आहे की नाही, लहान मुलं चालतात का, मांजर दिसली की काय करतो, एकटा राहतो का, सगळं ठरून गेलेलं. फक्त ते तुम्हाला कोणीतरी खरं खरं सांगायला हवं. माझा सगळा रिव्ह्यू ह्या एका गोष्टीवर आहे.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, मोठा आहे, कंटाळा येईल इतका. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी, घरातले सगळे तयार आहेत का, दिवसात किती तास कुत्रा एकटा राहील, आधीच्या कुत्र्याचं काय झालं, बाहेरगावी गेलात तर कोण बघणार. वयाची पसंती पण विचारतात. आम्ही सात वर्षांच्या पुढचा चालेल असं लिहिलं तर त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. त्या ताई म्हणाल्या बहुतेक सगळ्या फॉर्मवर तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असंच असतं, मोठ्यांसाठी फोनच येत नाहीत. मग त्यांनी अर्धा तास आमचा इंटरव्ह्यू घेतला आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा वेळ त्या आम्हाला नको म्हणायला लावायचा प्रयत्न करत होत्या. लॅब दहा-बारा वर्षं जगतो, हा मोठा आहे, दोन वर्षं मिळतील, तीन मिळतील, कदाचित एकच, चालेल का? औषधं लागतील, चालेल का? रात्री उठावं लागेल, चालेल का? नवरा जरा वैतागला पण मला ते आवडलं. जे गळ्यात मारायला बघतात ते असं विचारत नाहीत.

मग एक मुलगा घर बघायला आला. बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं अडकेल का बघितलं, लिफ्ट आहे का बघितलं आणि लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावरून पस्तीस किलोचा कुत्रा उचलून कोण नेणार असं सरळ नवऱ्याला विचारलं. आणि फरशीवर पाय घासून म्हणाला ही व्हिट्रिफाइड आहे, पाय घसरतात, ह्याला त्रास होणार. हे आमच्या डोक्यातही नव्हतं. सासूबाईंनी त्याला पोहे दिले, तो खाऊन म्हणाला काकू ह्याला यातलं काही द्यायचं नाही हं, कांदा कुत्र्यांना चालत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, हे सगळं बंद. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण आमच्याकडे कांद्याशिवाय बनतंच काय.

आता कुत्रा. नाव ऑस्कर, शेल्टरने दिलेलं नाही, आधीच्या मालकांचंच. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव शक्यतो बदलू नका म्हणतात म्हणून आम्ही ठेवलं, पण सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं भास्कर करून टाकलं आणि तो दोन्हीला येतो, खायला असेल तर तिसऱ्या कुठल्याही नावाला येईल. त्याची गोष्ट अशी की मालक त्याला एका बोर्डिंगमध्ये, म्हणजे कुत्री सांभाळतात तिथे, पंधरा दिवसांसाठी सोडून गेले आणि मग फोन बंद. बोर्डिंगवाल्याने बरेच दिवस वाट बघितली, शेवटी इथे आणून दिला. अशा केस बऱ्याच येतात, कोणाची बदली होते, कोण परदेशात जातो, कोणाला बाळ होतं. कायद्याने जनावर असं टाकून देणं गुन्हा आहे बरं का, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे ते, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपये. दोन वडापाव.

शेल्टरची जागा कशी आहे हे पण लिहायला हवं. स्वच्छ आहे पण चकाचक नाही, फिनेलचा वास, भुंकण्याचा आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पुढच्या बाजूला पिल्लं, तिथे कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती. म्हातारे मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे शांतता. खाली फळीवर गोणपाट, पाणी ताजं, कोणाच्याही अंगावर जखमा उघड्या नव्हत्या. जागेच्या मानाने कुत्री जास्त आहेत हे मात्र दिसतं.

आणि तिथे मामा भेटले. ऑफिसमध्ये आम्हाला आधी फाइल दाखवली होती. वय ७, वजन ३२, कान स्वच्छ, टिक फीवर निगेटिव्ह, नसबंदी झालेली, लसी झालेल्या, स्वभाव शांत. छान टाइप केलेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सात कसलं ताई, नऊ तरी असेल, उठताना बघा कसा उठतो. आणि तो खरंच हप्त्याहप्त्याने उठला, आधी पुढचे पाय, मग थांबला, मग मागचा भाग वर घेतला. मामा बोलतच होते, डावा कान रात्री खाजवतो, त्या बाजूने एकदम हात लावू नका दचकतो, ऐकायला कमी येतं पण ताटाचा आवाज बरोबर येतो, पाऊस वाजायला लागला की पायाशी येऊन बसतो तेव्हा हाकलू नका. पोटाजवळची गाठ पण त्यांनीच हात धरून दाखवली. फाइलमध्ये गाठीचा ग सुद्धा नव्हता.

तर पहिला सल्ला, फाइल घ्या, पण जो माणूस रोज जेवण घालतो त्याच्याशी बोलल्याशिवाय निघू नका. ऑफिसवाल्यांनी फसवलं असं माझं म्हणणं नाही, फाइल तो आला त्या दिवशीची होती आणि मग कोणी ती उघडलीच नव्हती. रक्ताचा रिपोर्ट आठ महिने जुना. आठ महिन्यांत म्हाताऱ्या कुत्र्यात खूप काही बदलतं.

आमच्या डॉक्टरांकडे नेल्यावर एकेक बाहेर आलं. दात आणि एकंदर तब्येत बघून नऊ-दहा असावं म्हणाले, ह्या वयात दातावरून अंदाजच असतो. वजन ३८. डाव्या कानात जुनं इन्फेक्शन, लॅबचे कान लोंबते, हवा लागत नाही, त्यात आपल्याकडचा पावसाळा. रक्तात प्लेटलेट कमी, टेस्ट केली तर एहर्लिशिया पॉझिटिव्ह, म्हणजे गोचिडांमुळे होणारा टिक फीवर, चारेक आठवडे डॉक्सीसायक्लिन, रिकाम्या पोटी द्यायची नाही. गाठीत सुई घालून तपासणी केली, चरबीची निघाली, लॅबमध्ये खूप कॉमन आहे म्हणे, वाढत नाही ना एवढं बघत राहायचं. डोळे निळसर दिसत होते तर आम्हाला वाटलं मोतीबिंदू, पण वयाने डोळ्यातलं भिंग घट्ट होऊन असं दिसतं आणि बऱ्यापैकी दिसत राहतं असं कळलं, तसाच तो प्रकार होता. मागच्या पायांना संधिवात, हे फाइलशिवायच दिसत होतं.

पहिल्या महिन्यातला खर्च सगळा धरून दहा-बारा हजारांच्या घरात गेला. रक्त, टेस्ट, एक्स-रे, औषधं, कानाचे ड्रॉप्स. दातांची सफाई अजून बाकी आहे कारण ती भूल देऊन करतात आणि आधी प्लेटलेट आणि किडनी-लिव्हर नीट असायला हवं. अडॉप्शन फी काही नव्हती, डोनेशन आपल्या मनाने. पण फुकट मिळाला असं समजून कोणी जाऊ नका. इन्शुरन्सचं पण विचारलं, आम्ही विचारलं तिथे नव्याने घ्यायला वयाची अट निघाली आणि आमचा साहेब त्या पलीकडचा. म्हणून आम्ही दर महिन्याला त्याच्या नावाने वेगळे पैसे टाकतो.

एक महत्त्वाचं, पाय दुखतात म्हणून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला अजिबात द्यायची नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी अगदी प्रेमाने सुचवलं होतं. माणसांच्या ह्या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. कुत्र्यांच्या वेगळ्या असतात, त्या पण किडनी-लिव्हर बघून डॉक्टरनेच द्यायच्या.

खरा उपाय डॉक्टरांनी जो सांगितला तो फुकटातला होता आणि सगळ्यात अवघड होता, वजन कमी करा. शेल्टरमध्ये भात आणि चिकनचं मिक्स एकत्र शिजवून घालतात, शंभर कुत्र्यांना वेगळं काय करणार, आणि हा स्वतःचं संपवून शेजारच्याचं पण खायचा असं मामा कौतुकाने सांगत होते. आम्ही आठवडाभर तेच जेवण थोडं थोडं बदलत आणलं, एकदम बदललं तर पोट बिघडतं. आता मोजून देतो, भात कमी, चिकन, लाल भोपळा, थोडं दही. आणि तो सतत असा बघतो की शेजाऱ्यांना वाटतं आम्ही उपाशी ठेवतो. डॉक्टर म्हणाले लॅबमध्ये साधारण चारातल्या एकात असा जनुकीय बदल असतो की त्याला पोट भरल्याचं नीट कळतच नाही, केंब्रिजवाल्यांनी २०१६ मध्ये शोधून काढलंय. मी हे सासूबाईंना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या कळत नाही म्हणजे बिचाऱ्याला भूक तर लागतेच ना. पोळीचा तुकडा अजूनही टेबलाखालून जातो, मला माहितीये, त्यांनाही माहितीये मला माहितीये ते.

तरी वजन उतरलं. पस्तीसच्या खाली आलाय आणि उठण्यात फरक दिसतो. फरशीवर जुन्या योगा मॅट आणि सतरंज्या टाकल्यात, बेडरूमपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पट्टा, घर गोडाऊनसारखं दिसतं पण तो घसरत नाही. नखं आणि पंज्यातले केस वेळेवर कापले की निम्मं घसरणं तिथेच थांबतं. फिरणं लांब नाही, थोडं थोडं तीन वेळा, आणि सासूबाईंच्या डॉक्टरने त्यांना पण नेमकं हेच सांगितलेलं असल्याने दुपारचा राउंड त्यांच्याकडे आहे. दोघांचा स्पीड सारखा.

स्वभावाचं फाइलमध्ये शांत लिहिलं होतं ते खरं निघालं, पण पहिले काही दिवस शांत नव्हता, गप्प होता, ते वेगळं. शेल्टरवाले तीनचा नियम सांगतात, तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घरची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमच्याकडे बावरलेपण जायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागले, दाराकडे तोंड करून झोपायचा, फक्त खायला उठायचा. मग एक दिवस दुधवाल्यावर भुंकला, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. दुधवाल्याला नाही. रात्री येरझाऱ्या घालायचा तेव्हा आम्ही वय झालं म्हणून सोडून देणार होतो पण डॉक्टर म्हणाले रात्रीची येरझार म्हणजे बरेचदा दुखणं असतं, औषध चालू केल्यावर खूपच कमी झालं. पाणी एकदम जास्त प्यायला लागला किंवा घरात शू व्हायला लागली तर तेही वयावर ढकलू नका, लघवी तपासा. ऐकू कमी येतं म्हणून हाक मारायच्या ऐवजी आम्ही जमिनीवर पाय आपटतो, तो कंपनाने वळून बघतो. दिवाळीत ह्याच बहिरेपणाचा फायदा झाला, बिल्डिंगमधले बाकी कुत्रे पलंगाखाली आणि हा घोरत. फक्त सुतळी बॉम्बला मान वर केली.

आता वाईट भाग. करारावर सही होईपर्यंत फोन लगेच उचलत होते. आधी दोनेक आठवडे ट्रायल देतात, जमलं नाही तर परत घेतात, हे फार चांगलं आहे आणि त्या काळात रोज मेसेज यायचा. सही झाली आणि ब्ल्यू टिकवर आलो. टिक फीवर निघाला हे कळवलं कारण त्याच शेडमधल्या बाकीच्यांना पण असू शकतो, तर उत्तर यायला चार दिवस, आणि उत्तर म्हणजे ओके नोटेड. महापालिकेच्या कुत्र्याच्या लायसन्ससाठी रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, ते मागत बसलो, आज देतो उद्या देतो, शेवटी मिळालं त्यात बॅच नंबरच नाही. डॉक्टरांनी परत लस दिली, वर्षातून एकदा द्यायचीच असते त्यामुळे नुकसान काही नाही, पण वेळ आणि डोकं गेलं. चार-पाच व्हॉलंटियर नोकरी सांभाळून हे सगळं करतात हे मला दिसतं आणि म्हणूनच दोन स्टार दिले, नाहीतर एकच होता. लसीचं कार्ड ओरिजिनल हातात घेतल्याशिवाय सही करू नका, एवढं ऐका माझं.

एका गोष्टीत मात्र त्यांची खूप मदत झाली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी फतवा काढला की कुत्रा लिफ्टने न्यायचा नाही, जिन्याने न्या. संधिवातवाला कुत्रा, दुसरा मजला. त्या फोनवाल्या ताईंनी लगेच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्यात सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, जास्तीचे चार्जेस लावता येत नाहीत असं आहे. प्रिंट काढून काकांना दिली. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले ठीक आहे पण लिफ्टमध्ये केस पडले तर झाडायचे. झाडतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. जिन्याचं घर असेल आणि उचलणारं कोणी नसेल तर मोठ्या जातीचा घेऊ नका, छोटा देशी बघा, शेडमध्ये तेच जास्त आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही. महिन्याला दोन-तीन हजार औषधपाण्याला काढणं जड जाणार असेल तर फॉस्टरिंग करा, म्हणजे तात्पुरता घरी सांभाळा, तिथे खर्च बहुतेक संस्था करते. मुलांना जबाबदारी शिकवायला वगैरे म्हणून तर नकोच, नवव्या वर्षी त्याने कोणाला काय शिकवायचं. आणि दर महिन्याला ट्रिपला जाणारे असाल तर ह्याच्यासारख्या कुत्र्याला परत बोर्डिंगच्या दारात उभं करणं मला तरी जमणार नाही, आम्ही अजून केलेलं नाही, एकजण घरी राहतो.

जायचं असेल तर रविवारी सकाळी जाऊ नका, पिल्लांसाठी जत्रा असते, कोणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या वेळेला जा. कुत्रा उठतो कसा, चालतो कसा, दुसऱ्याने भांड्यात तोंड घातलं तर काय करतो, एका बाजूनेच चावून खातो का, सगळं तेव्हाच दिसतं आणि मामा पण तेव्हाच असतात. बिस्किटांचे पुडे नेऊ नका, त्यांच्याकडे ढीग पडलाय. जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी न्या, आणि जमलं तर एक वजनकाटा द्या, आमच्या फाइलमधले ३२ किलो अंदाजाने लिहिलेले होते हे आम्हाला नंतर कळलं.